उलटी पावलं

"कुठलं पाऊल?" असं मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते जरा गोंधळले. त्यांच्यासमोर माझा उजवा पाय उघडा पडला होता, अंगठ्यापासून वर काळानिळा, आणि त्याचा वास मलाच सहन होत नव्हता. विचारण्यासारखा प्रश्न नव्हताच तो.

"उजवं," ते म्हणाले. "सध्या घोट्याच्या वरून. उशीर केलात तर गुडघाही जाईल."

"डावं नाही का चालणार?"

माझी मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, प्लीज." डॉक्टरांनी तिच्याकडे समजुतीने पाहिलं. बाईंना धक्का बसलाय, असं त्यांना वाटलं असणार. मी पूर्ण शुद्धीवर होते आणि मनापासून विचारत होते. डाव्या पावलावाचून माझं भागलं असतं. उजव्यावाचून भागणार नव्हतं, आणि ते भागलेलं नाहीच.

हे कळायचं तर आधी टेबल काय ते सांगायला हवं. टेबल म्हणजे आमची गिटार. चार पायांवर आडवी ठेवलेली, वर तारा, खाली सळ्या आणि पायाने दाबायच्या तीन पट्ट्या. डाव्या हातात पोलादी कांब धरून ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची, आणि पट्टी दाबली की तार आतून ताणली जाते. मग वाजलेला सूर तिथल्या तिथे वर चढतो, माणसाच्या गळ्यातून चढावा तसा. परदेशात तिला पेडल स्टील म्हणतात. आम्ही ऑर्केस्ट्रावाले टेबल म्हणायचो, कारण स्वारगेटला एसटीत ती चढवताना कंडक्टरने पहिल्यांदा विचारलं, "बाई, हे काय?" आणि मला दुसरं काही सुचलं नाही. टेबल म्हटल्यावर त्याने लगेजचं तिकीट फाडलं आणि कपाळावर आठी घालून विचारणं थांबवलं. तेव्हापासून टेबलच.

आमची सगळी टेबलं एकाच माणसाने केलेली. नारायण पेठेत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दारावर पाटी होती: "सायकल दुरुस्त होईल. वाद्य दुरुस्त होईल. गप्पा होणार नाहीत." पुण्यात तेव्हा घरटी सायकली, त्यामुळे माल हाताशी. सळ्या ब्रेकच्या, स्प्रिंगा सीटखालच्या, पट्ट्यांवर सायकलच्या पायडलचं काळं रबर. पुढच्या बाजूला पितळी पट्टीवर त्याच्या मुलीचं नाव कोरलेलं असायचं, तेच आमच्या टेबलाचं कंपनीचं नाव. मी माझं घ्यायला गेले तेव्हा त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, साडीत जमायचं नाही. निऱ्या सळ्यांत अडकतील."

"माझ्या निऱ्या मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही टेबल बघा."

त्याने बघितलं. माझ्या टेबलाच्या सळ्यांपुढे त्याने पत्र्याची एक पट्टी ठोकून दिली, न मागता. साडी कधी अडकली नाही. एवढंच त्याचं प्रेम, आणि ते मला पुष्कळ होतं.

पुढे कीबोर्ड आले. एका माणसाने एका बोटाने व्हायोलिन, सनई आणि गिटार वाजवायला सुरुवात केली आणि ऑर्केस्ट्राच्या मालकांना ते परवडायला लागलं. आम्ही बाद झालो. सायकलीही गेल्या, मग त्यांचे ब्रेक गेले, मग ते दुकान गेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

टेबलवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला तेव्हा आम्ही बरेच जण होतो. आठवणींचा नुसता पूर. एकाने टेबल लूनावर पुढे पायांत धरून हडपसरला नेलं होतं. एकाच्या बायकोने सासूबाई आल्या की त्यावर चादर घालून खरोखरच ताटं मांडली होती. एक जण लिहायचे की त्यांच्या टेबलावर हल्ली फक्त इस्त्रीचे कपडे असतात, पण शर्ट उचलताना तार वाजते, तेवढंच संगीत. आम्ही हसायचो. हसण्याच्या खाली काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलायचं नाही.

त्या ग्रुपवरच एकाने परदेशी वादकाचा व्हिडिओ टाकला आणि आमची झोप उडाली. त्या माणसाच्या पट्ट्या डाव्या पायाखाली होत्या. आवाज लहानमोठा करायची पट्टी उजव्या पायाखाली. आम्ही आणखी व्हिडिओ शोधले. सगळ्या जगात तसंच. फक्त आमचं उलटं: पट्ट्या उजव्या पायाला, आवाज डाव्याला.

दुकानवाला तेव्हा हयात होता. आमच्यातले दोघे त्याला विचारायला गेले. त्याने कपाटातून एक पान काढलं, रद्दीत मिळालेलं, परदेशी मासिकातलं. त्यावरच्या फोटोवरून त्याने पहिलं टेबल केलं होतं. फोटो छापतानाच उलटा छापला गेला होता. कांब त्या वादकाच्या उजव्या हातात दिसत होती. आमच्या माणसाने आधी साध्या हवाईयन गिटारी दुरुस्त केलेल्या, त्यामुळे कांब डाव्या हातात असते हे त्याला ठाऊक होतं. फोटोतला माणूस डावखुरा असेल असं समजून त्याने वरचं सगळं सरळ करून घेतलं. आणि खालचं?

"खालचं तसंच ठेवलं," तो म्हणाला. "पायाला काय डावं-उजवं? हाताला असतं."

आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राचा ढोलकीवाला ग्रुपवर नव्हता, पण ही गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि त्याने फोन करून मला सांगितलं, "म्हणजे तुम्ही सगळे हडळीच्या जातीचे. उलट्या पावलांचे." मी ते ग्रुपवर टाकलं. सगळ्यांना इतकं आवडलं की ग्रुपचं नावच "उलटी पावलं" झालं. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

विनोद असा की आता दुसरं वाद्य घेऊन वाजवायची सोयच उरली नव्हती. बाहेरून सरळ टेबल मागवलं तरी आमचे पाय उलटे. आमचं टेबल मोडलं की आम्ही मोडलो. म्हणून मग जे गेले त्यांच्या टेबलांचे भाग राहिलेल्यांनी वाटून घ्यायचे असं आपोआप ठरत गेलं. त्याचीही भाषा झाली. अमुक गेले असं कोणी लिहायचं नाही. "सिंहगड रोडचं टेबल मोकळं झालं," एवढंच. त्याखाली "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग. दुसऱ्या दिवशी कोणीतरी हळूच विचारायचं, मधल्या पट्टीची स्प्रिंग कशी आहे? मला याची कधी लाज वाटली नाही. ती स्प्रिंग कोणाच्या तरी पायाखाली वाजत राहायची. माणसाचं त्याहून जास्त काय उरतं?

या वर्षी ग्रुपवर तीनच नंबर उरले होते. मी कात्रजला. दुसरे साहेब; ते पाटबंधारे खात्यात होते, नागपूरकडचे, नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथेच राहिले. तरुणपणी जयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत त्यांचं टेबल अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. तिसरे कोथरूडचे होते. ते गेल्या वर्षी वारले, पण त्यांच्या पत्नीने त्यांचा फोन बंद केला नाही. त्यांच्याच नावाने ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुप्रभात येतं. साहेब एकदा म्हणाले, "ताई, सकाळी सकाळी मेलेल्या माणसाचा गुड मॉर्निंग पाहून छातीत धस्स होते ना." तरी आम्ही दोघं त्यांना रोज उत्तर देतो.

मी दुपारी वाजवायचे. मुलगी ऑफिसच्या मीटिंगा दार लावून करायची आणि मी हॉलमध्ये, अनवाणी. पट्टी पुरती दाबणं कोणालाही जमतं. खरं काम अर्ध्या दाबाचं. पाव दाबाचं. सूर चढता चढता मध्येच थांबवून धरायचा, ते सगळं अंगठ्याखालच्या त्या मऊ जागेत असतं. पहिल्या पट्टीचं रबर झिजून गेलं होतं आणि तसं रबर आता मिळत नाही, म्हणून मी ट्यूबचा तुकडा तारेने बांधला होता. तारेचं टोक वर आलं. माझ्या पायाला साखरेमुळे ते कळलं नाही. कळलं तोवर आत पू झाला होता. डॉक्टरांना मी चप्पल लागली असं सांगितलं. मुलीने मात्र टेबलाखालचं रक्त पुसलं होतं.

"त्या टेबलाने तुझा पाय खाल्ला," ती हॉस्पिटलात म्हणाली. "आता तरी ते देऊन टाकूया. प्रॅक्टिकल हो ना जरा."

मी तिला म्हटलं, "पाय गेला तर मी लंगडी. टेबल गेलं तर मी कोण, ते तू सांग." विचारलं खरं, पण मलाही सांगता आलं नसतं. नवरा होता तेव्हाही, नव्हता तेव्हाही, माझ्या घरात माझं म्हणून जे होतं ते त्या चार पायांवर उभं होतं.

घरी आल्यावर रबरी पाऊल मिळालं. चालता येतं त्याने, देवाजवळ उभं राहता येतं. मी पहिल्यांदा टेबलाशी बसले तेव्हा ते पट्टीवर ठेवलं आणि दाबलं. पट्टी खाली आपटली. सूर एकदम टोकाला जाऊन बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा आपटली. दार वाजवल्यासारखं. अर्धा दाब नाहीच. रबराला काय कळतंय?

साहेबांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले, पिशवीत पाने आणि पक्कड घेऊन. टेबलाखाली उताणे झोपून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि तिथूनच बोलले, "ताई, पट्ट्या डावीकडे घेऊन पाहू ना. जगात असते तशा. डावा पाय तर शाबूत आहे तुमचा."

"सळ्या पोचतील?"

"पोचवू जी. त्या सिंहगड रोडच्या टेबलाच्या लांब सळ्या माझ्या माळ्यावर आहेत. काहून पोचणार नाहीत?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना जेवूनच जा म्हटलं आणि मग घरात काय आहे ते आठवेना. ते सलग काही दिवस येत राहिले. सळ्या तिरप्या घातल्या, एक दांडी वाकवून घेतली, कात्रजच्या चौकातल्या वेल्डरकडून दोन कान जोडून आणले. मुलगी एरवी टेबलाकडे बघत नसे, तिने त्यांना टॉर्च धरून दिला. मी रात्री अंथरुणात डाव्या पायाचा अंगठा दाबून सोडून बघायचे, त्याला शिकवायचे. इतकी वर्षं आपण जगाच्या उलट होतो, आता पाय गेल्यावर सरळ होणार, अशी गंमत मनात येऊन हसायलाही यायचं. आशा माणसाला फार मूर्ख करते.

शेवटी पट्ट्या डावीकडे बसल्या. आवाजाची पट्टी उजवीकडे गेली, रबरी पावलाखाली. साहेबांनी हात पुसले आणि खुर्चीवर बसून घेतलं. मुलगी दारात उभी राहिली. मी आरतीची चाल घेतली. आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीत त्या चालीनेच कार्यक्रम उघडायचा, दिवे मालवलेले आणि पहिली ओळ एकट्या टेबलावर. ती चाल पुण्यात कोणाला येत नाही? तीन वर्षांच्या पोराला चूक कळेल.

पहिली ओळ सरळ आहे, तिला पाय लागत नाही. ती छान गेली. साहेबांनी मान हलवली. दुसऱ्या ओळीत सूर जिथे लांबतो तिथे मी नेहमी आवाज फुगवायचे. आवाज कोण फुगवायचं? डावा पाय. इतकी वर्षं त्याचं तेच एक काम. ती जागा आल्याबरोबर तो आपल्या सवयीने खाली गेला, आणि त्याच्याखाली आता आवाजाची पट्टी नव्हती, सुराची होती. जिथे फुगायचं तिथे सूर चढला. बेसूर. मुलीने डोळे मिटून घेतले.

मी थांबले. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच चढला. पाय उचलूनच ठेवला, तर बाकीचं वाजवता येईना. सावकाश घेतलं, मोजून घेतलं, शिकाऊ पोरीसारखं एकेक सूर घेतला. आणि जिथे खरोखर सूर चढवायचा होता तिथे डावा पाय गप्प बसून राहिला, कारण हे काम त्याचं नव्हतं. ज्याचं होतं त्याने मात्र ते केलं. मला स्पष्ट जाणवलं. उजवा अंगठा, जो हॉस्पिटलात कापून नेला, तो पट्टीवर टेकला, अर्धा दाबला, धरला आणि अलगद सोडला. अगदी बरोबर जागेवर. असं नेमकं मी आयुष्यात फार थोड्या वेळा दाबलं असेल. माझ्या कानात तो चढलेला सूर आला. हॉलमध्ये आला नाही.

डॉक्टर म्हणतात, असं होतं, गेलेला अवयव जाणवतो. कमी होईल हळूहळू. कमी होईल म्हणजे काय होईल, ते त्यांना कळत नाही. मला येत होतं ते सगळं त्या पावलात होतं. डोक्यात नव्हतं, हातात थोडंसं होतं. ते पाऊल अजून वाजवतंय आणि ऐकायला मी एकटी आहे, आणि तेही कमी होणार आहे.

मी पुढे महिनाभर रोज बसले. कोणी म्हणायला नको की बाईंनी प्रयत्न केला नाही. डावा पाय शिकला नाही असं नाही. दोनचार सुरांपुरता शिकला. मी सत्तरीला आलेय. त्याला बाकीचं शिकायला जितका वेळ लागेल तितका माझ्याकडे नाही, आणि तो शिकतोय तोवर दुसरा विसरत चाललाय. एका दुपारी वाजवताना मी उजव्या अंगठ्याची वाट पाहिली आणि तो आला नाही. त्या दिवशी मी नख्या काढून डबीत ठेवल्या.

साहेबांना बोलावून सांगितलं, "पट्ट्या पुन्हा उजवीकडे लावून द्या."

"काहून पण? आता तर जमत होते ना थोडं थोडं."

"नाही जमत. तुम्ही ऐकलंय. तुमचे कान खराब झालेले नाहीत."

त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग म्हणाले, "उजवीकडे घेऊन दाबणार कोण, ताई?"

"कोणी नाही. पण टेबल देताना आपल्यासारखं द्यावं. जगासारखं कशाला?"

त्यांनी त्याच दुपारी काम केलं. पत्र्याची ती पट्टीही, जी माझ्या साडीसाठी होती, पुसून जागेवर बसवली. त्यांच्या मधल्या पट्टीची स्प्रिंग गेलेली आहे हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मीच काढला. ते म्हणाले, आज नको. तुमच्या डोळ्यांसमोर नको. आणि गेले.

ते लिफ्टमध्ये असतील तोवर मी फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "कात्रजचं टेबल मोकळं झालं." आमच्यात असंच लिहितात. ज्याचं टेबल असतं तो कधी लिहीत नाही, एवढाच फरक. मला वाटलं, आपलं आपण लिहावं. खोटं तर काही नाही त्यात.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या, साहेबांचं उत्तर आलं नाही. कोथरूडहून मात्र आलं. आधी हात जोडलेलं चित्र, मग "भावपूर्ण श्रद्धांजली." मग बराच वेळ वर नुसतं टाइप होत असल्याचं दिसत राहिलं. त्या बाईंना सवय नाही, एकेक अक्षर शोधतात. मग आलं:

"बाळा, आईचा फोन बंद करू नकोस. मी ह्यांचा चालू ठेवला आहे. बरं वाटतं."

त्यांना वाटलं, माझ्या फोनवरून माझी मुलगी लिहितेय. दुसरं काय वाटणार? त्यांनीही तसंच लिहिलं होतं, नवऱ्याच्या फोनवरून.

मी दुरुस्त करायला बोट टेकवलं होतं. मग विचार केला, काय दुरुस्त करायचं, आणि मुलीच्या वतीने उत्तर लिहिलं, "हो काकू. ठेवते."